अपडेटनंतर फोन बिघडला? आधी कुठलं अपडेट ते पाहा

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉल घेण्याचा पडदा एकाएकी बदलला. कॉल आला की बटण वर सरकवायची सवय, ते आता आडवं सरकवावं लागू लागलं. आलेल्या-गेलेल्या कॉलची यादीही वेगळीच दिसायला लागली. "मी तर कुठलंच अपडेट केलं नाही, मग हे झालं कसं?" असा प्रश्न घरोघरी निघाला. कोणाला फोन हॅक झाल्याची शंका आली, कोणी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली.

कंपनीचा त्यात काही संबंध नव्हता. बऱ्याच ब्रँडच्या फोनमध्ये कॉलसाठी गुगलचंच 'फोन' नावाचं ॲप असतं. त्या ॲपचं नवं रूप गुगलने आपल्या बाजूने चालू केलं आणि ते सगळीकडे उमटलं. ज्यांना जुनं रूप हवं होतं त्यांच्यासाठी इलाज सोपा होता: ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, 'ॲप इन्फो' उघडायचं आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडायचं. मग प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन वरच्या तीन ठिपक्यांतून 'ऑटो अपडेट' बंद करायचं. नुसतं आडवं सरकवणं नकोसं असेल, तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये एका टिचकीने कॉल घेण्याचाही पर्याय होता.

लोकांनी मात्र सेटिंग्जमधलं 'सॉफ्टवेअर अपडेट' पाहिलं, तिथे काही सापडलं नाही आणि ते वैतागले. आपण सगळ्याला सरसकट 'अपडेट' म्हणतो, पण फोनमध्ये बदल येण्याच्या वाटा निदान पाच आहेत. बिघाड कुठल्या वाटेने आला हे कळलं की निम्मं काम झालं, कारण प्रत्येकाचा धनी वेगळा आणि इलाजही वेगळा.

पहिली वाट प्ले स्टोअरची. यातून एकेक ॲप बदलतं. दुसरी वाट दिसत नाही: ॲपमध्ये नवा भाग आधीच येऊन पडलेला असतो आणि कंपनी तो आपल्या सर्व्हरवरून हवा तेव्हा चालू करते. म्हणून एकाच घरातल्या दोन सारख्या फोनवर एकच ॲप वेगवेगळं दिसू शकतं. तिसरी वाट 'गुगल प्ले सिस्टीम अपडेट'ची. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही आतले भाग गुगल परस्पर बदलू लागला, त्यासाठी फोन कंपनीची वाट पाहावी लागत नाही. चौथी वाट सुरक्षा पॅचची, म्हणजे सुरक्षेतल्या फटी बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांची, आणि पाचवी म्हणजे मोठी आवृत्ती, अँड्रॉइड १५ वरून १६ किंवा कंपनीच्या वन यूआय, हायपरओएस, कलरओएसचा नवा आकडा.

अधल्यामधल्या वाटांनी केवढा गोंधळ होऊ शकतो हे मार्च २०२१ मध्ये दिसलं. जीमेलसकट अनेक ॲप्स उघडता उघडता बंद पडू लागली. लोकांनी एकेक ॲप काढून पुन्हा टाकलं, काहींनी फोनच रिसेट केला. दोष होता 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' नावाच्या एका घटकात. ॲपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम तो करतो, म्हणून त्याच्या आधारावर चालणारी सगळी ॲप्स एकदम कोसळली. गुगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची दुरुस्त आवृत्ती प्ले स्टोअरवर टाकली, तेव्हा सगळं थांबलं. यातून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकच ॲप बिघडलं असेल तर त्या ॲपचं अपडेट तपासा. एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सात ॲप्स एकाच दिवशी पडू लागली तर प्ले स्टोअरमध्ये वेबव्ह्यू, क्रोम आणि गुगल प्ले सर्व्हिसेस बघा. फोन रिसेट करायची घाई करू नका.

मोठी आवृत्ती तुमच्यापर्यंत येते कशी

गुगल नव्या अँड्रॉइडचा मूळ कोड प्रसिद्ध करतो. तो जसाच्या तसा फोनवर चालत नाही. आधी क्वालकॉम किंवा मीडियाटेक आपल्या चिपसाठी लागणारे ड्रायव्हर, म्हणजे चिप आणि अँड्रॉइड यांना जोडणारं सॉफ्टवेअर, तयार करतात. मग फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते आणि कॅमेरा, बोटाचा ठसा, चार्जिंग, मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) हे सगळं त्या त्या मॉडेलवर जुळवून घेते. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गुगलने चिपकडचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळा केला. त्याने हे काम सोपं झालं, संपलं नाही.

त्यानंतर गुगलच्या सुसंगतता चाचण्या येतात. त्या पास झाल्याशिवाय प्ले स्टोअरसकट फोन विकता येत नाही. लोकांना वाटतं, एवढ्या चाचण्या झाल्या म्हणजे दर्जा तपासला गेला. पण या चाचण्या पाहतात ते ॲप्सना सिस्टीमकडून ठरल्याप्रमाणे उत्तर मिळतं की नाही एवढंच. रात्रीचा फोटो आधीपेक्षा खराब येतो का, लोकलमध्ये टॉवर बदलताना कॉल तुटतो का, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते का, हे त्यांच्या कक्षेतच नाही. ते पाहणं फोन कंपनीचं काम, आणि वेळेची टंचाई पहिल्यांदा जाणवते ती इथेच. एका कंपनीची वर्षभरात वीस-पंचवीस मॉडेलं बाजारात असतील तर चांगले अभियंते आधी महागड्या फोनवर लागतात. बारा हजारांच्या फोनच्या वाट्याला उरलेला वेळ येतो.

मोडेमचं काम तर देशागणिक वेगळं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात ५जी सुरू झालं. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होतं. लोकांकडे ५जीचे फोन आधीपासून होते, तरी पडद्यावर '४जी'च दिसत होतं. फोनमध्ये हार्डवेअर होतं. कोणत्या कंपनीच्या कोणत्या लहरींवर कशा पद्धतीने जोडणी करायची याची मांडणी सॉफ्टवेअरमध्ये चालू केलेली नव्हती. एअरटेलने जुन्या ४जी जाळ्याच्या आधाराने ५जी दिलं, जिओने स्वतंत्र ५जी गाभा उभारला, म्हणून दोन्हीसाठी जुळणी वेगळी. आयफोनवाल्यांना त्यासाठी डिसेंबरातल्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावं लागलं. एकाच नावाच्या फोनची युरोपातली आणि भारतातली आवृत्ती वेगळी असते ती अशा कारणांनी. परदेशातल्या एखाद्या व्हिडिओत 'अपडेट एकदम झकास' असं ऐकलं, म्हणून इथल्या सिमवर ते झकासच चालेल याची खात्री नाही.

इतक्या तपासणीतून बग सुटतो कसा

यात गणित आहे. समजा, एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, पाच हजार फोनमागे एकाला गाठतो, कारण त्याला एक ठरावीक ॲप, दोन सिम आणि जवळपास भरलेलं स्टोरेज असं त्रिकूट जुळावं लागतं. चाचणीसाठी हजार फोन घेतले तर तो बग एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के. म्हणजे पाचातल्या चार वेळा चाचणी 'सगळं ठीक' सांगणार. तेच अपडेट एक कोटी फोनवर गेलं की दोन हजार माणसांचे फोन बिघडणार. त्या दोन हजारांच्या दृष्टीने कंपनीने काहीच तपासलेलं नसतं, आणि त्यांचा राग गैर नाही.

म्हणूनच अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात. आधी थोड्या फोनवर, मग कुठे कोसळतंय का याचे अहवाल पाहून पुढे. शेजाऱ्याला अपडेट आलं आणि तुम्हाला नाही, याचं कारण बहुधा हेच. एप्रिल २०२५ मध्ये सॅमसंगने वन यूआय ७ चं वितरण सुरू करून आठवडाभरात थांबवलं ते गॅलेक्सी एस२४ मालिकेतल्या एका दोषामुळे. थांबवता आलं, कारण सगळ्यांना एकदम दिलेलं नव्हतं. ॲपलची याउलट फजिती २४ सप्टेंबर २०१४ ला झाली. आयओएस ८.०.१ टाकताच आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्क गेलं, बोटाचा ठसाही चालेना. अपडेट मागे घेतलं गेलं, दुसऱ्या दिवशी ८.०.२ आलं, तेवढ्यातही ४० हजारांच्या आतबाहेर फोन सापडले होते.

टप्प्यांची ही पद्धत शहाणपणाची आहे, पण तिने एक वाईट खोडही लावली. दुरुस्ती कधीही पाठवता येते म्हटल्यावर 'आधी सोडू, मग बघू' हा हिशेब सोपा होतो आणि तपासणीचा शेवटचा टप्पा गिऱ्हाइकाच्या खिशात पार पडतो. मोठी आवृत्ती आल्यावर दोन-तीन आठवड्यांत पाठोपाठ छोटं अपडेट येतं, ते बहुतेक वेळा त्याचंच उरलेलं काम असतं. आयओएस १३ हे १९ सप्टेंबर २०१९ ला आलं आणि १३.१ पाच दिवसांत.

तेव्हा मोठ्या आवृत्तीला हे पहिलं छोटं अपडेट येईपर्यंत थांबवायला हरकत नाही. सुरक्षा पॅच मात्र लांबवू नका. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात मोठी फट सापडली होती. मुद्दाम बनवलेला मल्टिमीडिया मेसेज नुसता येऊन पडला तरी फोनचा ताबा जाण्याची भीती होती. त्यानंतरच गुगलने दर महिन्याला पॅच द्यायला सुरुवात केली. अशी फट जाहीर झाली की ती कुठे आहे हे चोरांनाही कळतं, आणि पॅच न टाकलेला फोन त्यांना सोपा पडतो. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' खाली सुरक्षा पॅचची तारीख असते. ती सहा महिन्यांहून जुनी असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनवरचे बँकेचे व्यवहार कमी केलेले बरे.

पहिले दोन दिवस

मोठं अपडेट झाल्यावर फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, ॲप्स अडखळतात. यातलं बरंचसं अपेक्षित असतं. अँड्रॉइड ॲप्सचा कोड फोनच्या चिपसाठी आधीच भाषांतरित करून ठेवतो. सिस्टीम बदलली की हे काम पुन्हा करावं लागतं. ते मुख्यतः फोन चार्जिंगला लावलेला आणि पडून असताना होतं. फोटोंमधले चेहरे ओळखणं, शोधासाठी याद्या बनवणं हेही नव्याने चालतं. ॲपलही आपल्या सूचनांत सांगतं की अपडेटनंतर मागे चालणाऱ्या कामांमुळे बॅटरीवर तात्पुरता परिणाम होऊ शकतो.

म्हणून दोन रात्री फोन वाय-फाय आणि चार्जरवर राहू द्या, कव्हर काढून. प्ले स्टोअरमधली सगळी ॲप्स अपडेट करा, कारण जुनं ॲप आणि नवी सिस्टीम यांचं न जमणं हे अडखळण्याचं एक नेहमीचं कारण आहे. एकदा रिस्टार्ट करा. तिसऱ्या दिवशीही बॅटरी तशीच उतरत असेल, तर सेटिंग्जमधली बॅटरी वापराची यादी उघडा. एखादं ॲप न वापरताही वर दिसत असेल तर तेच गुन्हेगार.

स्टोरेजही पाहा. ६४ जीबीच्या फोनमध्ये एक-दोन जीबीच शिल्लक असेल, तर अपडेट कितीही चांगलं असो, फोन हँग होणारच. फ्लॅश मेमरीत नवं लिहिण्याआधी जुना ठोकळा पुसावा लागतो आणि मोकळी जागा नसली की ही पुसापुशी ऐन वापरात चालते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडून मोठ्या फाइली काढल्या की पाच-दहा जीबी सहज सुटतात. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ वर्षभर साठले की त्यांचंही वजन होतं.

त्यापुढची तपासणी या क्रमाने करावी. मेसेज उशिरा येत असतील तर ॲप इन्फोमध्ये बॅटरी उघडून त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा; शाओमी, विवो, ओप्पोच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ही चालू करा. अपडेटनंतर ही परवानगी कधी कधी पुन्हा बंद होते. नेटवर्क किंवा ब्लूटूथ बिघडलं असेल तर 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज' वापरा. वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो-मेसेज जात नाहीत. सगळा फोनच अडखळत असेल तर सेफ मोडमध्ये सुरू करा: बऱ्याच फोनमध्ये पॉवरच्या मेन्यूत 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स बंद असतात. तिथे फोन सुरळीत चालला तर दोष सिस्टीमचा नाही, एखाद्या ॲपचा आहे.

पडद्यावर हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ आली असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर उघडा. त्यात रेघ नसेल तर सॉफ्टवेअर निर्दोष चित्र पाठवतंय, बिघाड पॅनेलमध्ये किंवा त्याच्या जोडणीत आहे. रिसेट करून तो जाणार नाही. भारतात अशा तक्रारी एवढ्या वाढल्या की वनप्लसने २०२३ मध्ये बाधित जुन्या मॉडेलांच्या पडद्यावर आजीवन वॉरंटी जाहीर केली. पैसे भरण्याआधी तुमच्या मॉडेलला अशी काही सवलत आहे का ते विचारा.

रिसेटने जुनं परत येत नाही

'रिसेट करा, पहिल्यासारखा होईल' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. फॅक्टरी रिसेट फक्त तुमचा डेटा असलेला भाग पुसतो. सिस्टीमचा भाग नवा झालेला असतो, तो नवाच राहतो. जुन्या आवृत्तीतून आलेल्या डेटाची नव्याशी गाठ जमत नसेल तर रिसेटने फरक पडतो. दोष नव्या आवृत्तीतच असेल तर सगळं पुसूनही तो तिथेच. शिवाय यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते, सिममधून मेसेज जावा लागतो आणि अनेक बँका पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा कमी ठेवतात. घरभाडं द्यायच्या दिवशी रिसेट करू नये.

मग जुनी आवृत्ती मिळतच नाही का? बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमचे दोन कप्पे असतात. भाडेकरू एका खोलीत राहत असताना शेजारची रंगवून घ्यावी, तसं तुम्ही फोन वापरत असता आणि अपडेट दुसऱ्या कप्प्यात बसत असतं. रिस्टार्टनंतर नवा कप्पा सुरूच झाला नाही तर फोन आपोआप जुन्यावर परततो. पण नवा कप्पा एकदा नीट सुरू झाला की परतीची वाट बंद होते, कारण तुमचा डेटा एकच असतो आणि ॲप्स तो नव्या रचनेत बदलून टाकतात. शिवाय जुन्या आवृत्तीतल्या ज्ञात फटी पुन्हा उघड्या पडू नयेत म्हणून फोन तिला नाकारू शकतो. ॲपल तर नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत जुनीला मान्यता देणं थांबवतं.

गल्लीतल्या दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात, तिथे सावध राहा. चुकीच्या मॉडेलची फाइल मारली गेली तर आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारा क्रमांक, उडू शकतो आणि मग सिम चालत नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करताना सिस्टीम तपासणारं कुलूप, उघडला तर डेटा पुसला जातो, आणि बँकेची बरीच ॲप्स तशा फोनवर उघडत नाहीत.

कधी कधी बिघाड वाटतो तो मुद्दाम केलेला बदल असतो. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ ने जुनी बॅटरी असलेले आयफोन हळू केले. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, चिपने अचानक जास्त वीज ओढली की विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि फोन बंद पडतो. ते टाळायला ॲपलने चिपचाच वेग आवरला. तांत्रिक कारण पटण्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला ते डिसेंबरपर्यंत स्पष्ट सांगितलं नाही, हे मात्र पटण्यासारखं नव्हतं. लोक नवा फोन घेत राहिले, जिथे नवी बॅटरी पुरली असती. फ्रान्समध्ये त्यासाठी अडीच कोटी युरोंचा दंड झाला. २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ६ए वर सक्तीचं अपडेट पाठवून ४०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीची क्षमता उतरवली, बॅटरी तापण्याचा धोका कमी करायला. या वेळी निदान आधी कळवलं आणि भरपाईचे पर्याय दिले. अपडेटनंतर जुना फोन मंदावला तर नव्या फोनच्या दुकानात जाण्याआधी बॅटरीची तब्येत तपासून घ्या.

तक्रार टिकेल अशी करा

फोन लोगोवरच अडकला तर आधी सक्तीचा रिस्टार्ट करून पाहा. सॅमसंगमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र सात-आठ सेकंद दाबायचं. आयफोनमध्ये आवाज वाढवण्याचं, मग कमी करण्याचं बटण दाबून सोडायचं आणि बाजूचं बटण ॲपलचं चिन्ह येईपर्यंत धरायचं. जमलं नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा.

'वॉरंटी संपली, मदरबोर्ड गेला, खर्च येईल' हे पहिलं उत्तर शेवटचं मानू नका. २०२० च्या अखेरीस शाओमीने आपल्या 'मी ए३' (Mi A3) या मॉडेलला दिलेल्या अँड्रॉइड ११ च्या अपडेटने भारतातले अनेक फोन डेड झाले. ओरड झाल्यावर कंपनीने वितरण थांबवलं आणि वॉरंटी असो वा नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्त करून देण्याचं मान्य केलं. आपल्यासारखे आणखी किती आहेत हे दाखवता आलं तर कंपनी हलते.

त्यासाठी कागद लागतो. फोन चालू असेल तर बिल्ड नंबर, पॅचची तारीख आणि अपडेट कधी झालं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. 'फोन खराब झाला' एवढ्यावर अभियंत्याला काही करता येत नाही. 'दुसऱ्या सिमवर कॉल चालू असताना ब्लूटूथ जोडलं की आवाज जातो, पाचातून पाच वेळा' यावर करता येतं. पडद्याचं रेकॉर्डिंग जोडा. सॅमसंग मेंबर्ससारख्या कंपनीच्या ॲपमधून तक्रार पाठवली तर फोनमधली नोंदही सोबत जोडता येते. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर (फोन जमा केल्याच्या कागदावर) 'सॉफ्टवेअर अपडेटनंतर बंद' हे शब्द आणि तारीख लिहून घ्या. तिथे नुसतं 'डेड' लिहिलं तर फोन पडल्याचा किंवा पाणी गेल्याचा आक्षेप पुढे येऊ शकतो. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयओएस १८ नंतर फोन मंदावल्याच्या तक्रारी तिथे आल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलकडे जाब मागितला होता. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंत, तर तिथेही पहिल्यांदा मागितली जाते ती हीच जॉबशीट, सोबत खरेदीचं बिल.